बाहुलीने बदनाम केलेला मी

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. जुना म्हणजे वापरून झिजलेला नव्हे हं! बाळांच्या सामानाच्या दुकानात, एकाच पाळण्यात मी तीन वर्षे पडून आहे. माझी चपटी पाटी गादीखाली असते आणि दिव्याची डबी पाळण्याच्या दांडीला. तान्ह्या बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवणे हे माझे काम. श्वास चालू असला की माझा हिरवा दिवा लुकलुकतो. वीस सेकंद काहीच हलले नाही, तर मी बोंब ठोकतो.

कारखान्यात माझी परीक्षा घेणाऱ्या तपासनीस बाई म्हणाल्या होत्या, "हा खरं बोलतो." तेवढ्या शिफारशीवर मी ऐटीत जगात आलो. पण दुकानदारकाकांनी काय करावे? पाळणा शोभून दिसावा म्हणून माझ्यावर एक गुबगुबीत बाहुली निजवली. आता तुम्हीच सांगा, बाहुली कधी श्वास घेते का? गिऱ्हाईक आले की काका मला सुरू करत, आणि विसाव्या सेकंदाला मी किंचाळे. गिऱ्हाईक कानावर हात ठेवून पुढे सरके. "चक्रम आहे हे यंत्र," असे म्हणत काका बटण दाबून माझे तोंड बंद करत. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार वाईट वाटे.

आणि आज सकाळी ती माणसे आली! आई, बाबा, बाबांची थोरली बहीण आणि आईच्या कुशीत वीस दिवसांचे बाळ. बाबा घड्याळे दुरुस्त करतात. टिकटिक पाव मिनिट मोजायची आणि चारने गुणायची, ही त्यांची सवय. बाळाचा श्वासही ते तसाच मोजत. एकदा उत्तर येई अठ्ठावीस, एकदा चौसष्ट! मग छातीत धस्स होऊन ते बाळाला टिचकी मारून जागे करत.

"सहा दिवस झाले, बाळ झोपलं की हा उठवतो," आई म्हणाली. "आता यंत्र तरी घेऊ, नाहीतर ह्यालाच बांधून ठेवू."

आत्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. "डॉक्टरांनी बाळ ठणठणीत आहे म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "तरी बघा. ठरवायचं तुम्हीच."

बाबांनी बाहुली उचलली आणि बाळाला तिच्या जागी ठेवले. काकांनी मला सुरू केले. मित्रांनो, काय सांगू! माझा दिवा लुकलुकला! इवलासा, पण खराखुरा श्वास! मला आभाळ ठेंगणे झाले. 'घ्या हो मला!' असे ओरडावेसे वाटले. पण मी ओरडलो असतो तर सगळाच घोटाळा झाला असता.

तेवढ्यात बाळ थांबले. तीन सेकंद. पाच. बाबा पांढरेफटक पडले. "ताई, हे वाजत का नाही? बिघडलंय हे!" त्यांची टिचकी पुढे सरसावली.

आत्याने मनगट धरले. "थांब. पाव नाही, पूर्ण मिनिट मोज."

सात... आणि बाळाने भराभर चार-पाच श्वास घेतले! माझा दिवाही त्याच्यामागे पळाला.

"तान्ही बाळं जरा थांबतात, मग धावतात," आत्या म्हणाली. "तुझं पाव मिनिट कधी थांबण्यावर पडतं, कधी धावण्यावर."

बाबा घड्याळ धरून मोजू लागले. पूर्ण मिनिटात त्रेचाळीस! "अगदी हवेत तेवढे!" आत्या म्हणाली, तसे ते खुदकन हसले. आई मात्र दांडीला धरून उभ्या उभ्या रडली.

"मग, देऊ का बांधून?" काकांनी विचारले. माझा जीव टांगणीला लागला.

"नको," आई डोळे पुसत म्हणाली. "हा रात्रभर दिवाच बघत बसेल. मला झोप हवीय."

"आणि खूप वेळ थांबलं, ओठ निळसर दिसले, तर तडक दवाखाना गाठायचा," आत्याने बजावले.

मी हिरमुसलो. काकांनी बाहुली पुन्हा उचलली, तर बाबांनी त्यांना अडवले. "काका, यंत्र चोख आहे हो. बाहुली ठेवलीत तर ते बिचारं हाकाच मारणार." तपासनीस बाईंनंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी बाजू घेतली! काकांनी बाहुली वरच्या फळीवर बसवली.

म्हणून मित्रांनो, यंत्र ओरडले तर त्याचे तोंड बंद करण्याआधी, आपण त्याच्यावर काय ठेवले आहे ते पाहा. बाळाला पाठीवर निजवा आणि मोजायचेच झाले तर घाई करू नका. गादीला सकाळच्या त्या बाळाची ऊब अजून आहे. तीन वर्षांत माझ्या हातून काम झाले ते एका मिनिटाचे. पण ते मिनिट पूर्ण होते.