वरच्या पायरीवरची मते

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो. पण भिंतीचा आधार घेऊन उभी राहणारी नव्हे. मला माझे स्वतःचे चार पाय आहेत, डोक्याशी पितळी बिजागरी आहे आणि पाय फाकू नयेत म्हणून मध्ये बांधलेली एक दोरी आहे. रंगारी मला घोडा म्हणतात. मी कधी पळाले नाही, कुणाला लाथ मारली नाही, तरी म्हणतात. ते मी मनाला लावून घेतले नाही. मनाला लागावे असे माझ्या आयुष्यात दुसरेच काही घडले आणि तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. दाराच्या चौकटीसाठी आणलेल्या लाकडात गाठ निघाली, गिऱ्हाइकाने नाक मुरडले आणि सुताराने वैतागून त्याच लाकडातून मला घडवले. ती गाठ अजून माझ्या वरच्या पायरीवर आहे. काम संपल्यावर सुतार माझ्यावर चढला, जरा नाचला आणि म्हणाला, "ही काही मोडत नाही." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला घरी नेले ते पाण्याचे मीटर वाचणाऱ्या एका गृहस्थांनी. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते. आळीत मात्र त्यांचे नाव होते 'संपादक'. दिवसभर घरोघरी जाऊन मीटर वाचायचे, तेवढ्यात त्या घरची ओल बघायची, गळका नळ बघायचा, टेबलावरच्या वर्तमानपत्रावर नजर टाकायची आणि निघताना एकेका गोष्टीवर मत देऊन जायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. मत कुणी मागितलेले नसे. ते फुकट असे आणि म्हणून लोक हसून घेत.

संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ही मते माझ्या वाट्याला येत. घरात काही ना काही निखळलेले असायचेच. बाबा पक्कड आणि पेचकस घेऊन माझ्यावर चढत आणि वरच्या पायरीवर पोचले की त्यांचा हात थांबे आणि तोंड सुरू होई. "ओल पाण्यामुळे येत नाही, हवा कोंडल्यामुळे येते." "नळ गळतो त्यात नळाचा काय दोष, वरून जोरच तसा येतो." नळ बिचारा ऐकून घेत असे आणि गळत राहत असे.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, गोदामांच्या रांगेपलीकडे विमानतळ होता. विमान छपरावरून गेले की खिडकीच्या काचा थरथरत आणि बाबांना नवा विषय मिळे. "आज याचं डावं इंजिन खोकतंय." "पायलट नवा दिसतो, किती घाबरत उतरवतोय." विमानात ते जन्मात कधी बसले नव्हते. मग गाडी जगाच्या कारभाराकडे वळायची. कुठे तरी दोन देश भांडत असले तर बाबांचा तोडगा तयार असे: "दोघांच्या पुढाऱ्यांना एका खोलीत कोंडा आणि चहा देऊ नका. संध्याकाळपर्यंत तह होतो की नाही बघा." या आठवड्यातले मत पुढच्या आठवड्यात बदललेले असे. तुम्हीच परवा असे म्हणाला होतात, असे कुणी सांगितले तर सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटायचे.

एकदा काय झाले, शेजारचे शिंपीकाका खाली उभे राहून वाद घालू लागले. एका इंजिनावर विमान उडते की नाही, हा प्रश्न होता. बाबांनी विमान दाखवायला दोन्ही हात पसरले आणि ते थेट कुंड्यांत उतरले. मनगट मोडले, दोन रोपे गेली. तेव्हा आईने, म्हणजे बाबांच्या पत्नीने, घराला एक नियम घालून दिला.

"शिडीवरच्या माणसाला उलट बोलायचं नाही," ती म्हणाली. "कुणीसुद्धा. वाद घालायचा असेल तर त्याला आधी खाली उतरू द्या."

नियम चांगला होता, मित्रांनो. तो माणूस पडू नये म्हणून केलेला होता. पण घरात त्याचा पहिला अर्धा भागच पाळला जाऊ लागला. बाबा खाली उतरले की त्यांना हात धुवायचे असत, भूक लागलेली असे, विषय वरच राहून गेलेला असे. वर असताना त्यांना कुणी अडवत नसे, त्यामुळे वरच्या पायरीवर आपण बोलतो ते सगळ्यांना पटते, असे त्यांना वाटू लागले. आई खालच्या पायरीवर एक पाय रोवून मला धरून उभी राहायची, हातात विणकाम असायचे. "अगं, धरलंयस ना?" वरून विचारणा व्हायची. "धरलंय हो, बोला तुम्ही," ती म्हणायची. तिला त्यांच्या मतांची गंमत वाटायची, हे मी अगदी जवळून पाहिले आहे.

त्यांना एकच मुलगी. बाबा तिला 'पक्कड' म्हणत, कारण लहानपणापासून तिच्या हातात पक्कड असायची. बाबांनी हात खाली केला की न मागता हवे ते हत्यार त्यात येऊन पडे. माझ्या बिजागरीला तेल तीच घालायची, दोरी सैल झाली की गाठ तीच बदलायची. आणि एक गोष्ट बाबांना कधी कळली नाही. छपरावरून जाणारी विमाने ती वर न बघता नुसत्या आवाजावरून ओळखायची, हे उतरणारे, हे चढणारे, हे नेहमीचे नव्हे. ती ते पुटपुटायची आणि मी ऐकायची.

ती शाळेतून बाहेर पडली त्या वर्षीची गोष्ट. विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीचे शिक्षण देत आणि त्या वर्षापासून मुलींनाही घेणार होते. शाळेतल्या बाईंनी तिला मुद्दाम बोलावून सांगितले होते. नाव नोंदवायला थोडेच दिवस होते आणि वडिलांची संमती लागणार होती. ती दोन दिवस घरात घुटमळत होती. शेवटी बाबा पुढच्या खोलीत पडद्याची दांडी बसवायला माझ्यावर चढले, आई स्वयंपाकघरात होती, म्हणून मला धरायला पक्कड आली. तिने विचारायला ती वेळ निवडली, कारण तेव्हा बाबा नेहमी खुशीत असत.

"बाबा, विमानतळावर विमानं दुरुस्त करायला शिकवतात. मुलींनाही घेतात आता. मी जाऊ?"

बाबांच्या ओठांत स्क्रू होता. तेवढ्यात एक विमान गेले, काचा वाजल्या. ते जाईपर्यंत बाबा थांबले, मग त्यांनी तोंडातला स्क्रू काढला.

"ते काम म्हणजे खेळ नव्हे," ते म्हणाले. "इथे स्क्रू ढिला राहिला तर पडदा पडतो, तिथे माणसं पडतात. मुलींच्या हातात तेवढा जोर कुठला असायला? आणि या विमान कंपन्या काय, चार वर्षांत गाशा गुंडाळतात की नाही बघ. हां, तो बारीक पेचकस दे."

तिने पेचकस दिला. माझ्या पायावरची तिची पकड इतकी घट्ट झाली की मला तिची नखे लागली. पण ती बोलली नाही. बाबा शिडीवर होते.

ते खाली उतरण्याची तिने वाट पाहिली. दांडी बसली, बाबा उतरले. तिने तोंड उघडले तोच शिंपीकाकांनी दारातून हाक मारली, कुठले तरी सरकार पडले होते. बाबा हात पुसत तसेच बाहेर गेले. ती थोडा वेळ माझ्यापाशी उभी राहिली, मग तिने मला मिटले आणि दारामागे ठेवले.

तिने कुणालाच काही सांगितले नाही, आईलासुद्धा. नोंदणीचे दिवस निघून गेले. पुढे ती एका दवाखान्यात नाव नोंदवण्याच्या खिडकीवर कामाला लागली. हत्यारांना ती हात लावेनाशी झाली. "आमच्या पक्कडचा तो नाद सुटला. मुलींचं असंच असतं," बाबा शिंपीकाकांना म्हणाले, माझ्यावर उभे राहून. खाली ती होती. तिने ऐकले.

मग तिचे लग्न झाले, ती दुसऱ्या भागात राहायला गेली. आणि एके वर्षी आई गेली. त्यानंतर बाबा एकदाच माझ्यावर चढले. सवयीने "धरलंयस ना?" असे म्हणाले, उत्तराची वाट पाहत थांबले आणि पेच न पिळताच उतरले. मला मागच्या सज्जात ठेवण्यात आले. माझ्या पायऱ्यांवर कुंड्या आल्या, बिजागरी गंजली, दोरी कुजली. घरात पाहुणे आले की बाबांची मते अजून चालत; पण ते आता खुर्चीत बसलेले असत आणि खुर्चीतल्या माणसाला सगळेच उलट बोलतात. हळूहळू त्यांनी मते देणे कमी केले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटायचे.

परवा पक्कड आली. बाबांच्या झोपायच्या खोलीतला पंखा डुगडुगत होता आणि वायरमन उद्या येतो, उद्या येतो करत होता. तिने मला सज्जातून ओढून आणले, पुसले, बिजागरीत तेल घातले, नवी दोरी बांधली. इतक्या वर्षांनी तिचे हात मी लगेच ओळखले. केस पांढरे झाले होते, पण गाठ तीच होती. ती वर चढली. बाबा काठी भिंतीला लावून आले आणि आई रोवायची तसा त्यांनी खालच्या पायरीवर पाय रोवला.

तिने पंखा कसा सोडवला, कसा तोलला, हे बाबा मान वर करून पाहत राहिले. छपरावरून विमान गेले. "उतरतंय," ती आपल्याशीच म्हणाली.

"काय सफाई आहे गं तुझ्या हाताला," बाबा म्हणाले. "तू या विमानांच्याच कामात जायला हवं होतंस. तुला कधी वाटलंच नाही."

"वाटलं होतं. तुम्हाला विचारलं होतं."

"मला? कधी?"

"पडद्याची दांडी बसवत होतात तेव्हा. मुलींच्या हातात जोर नसतो म्हणालात."

बाबांनी माझा पाय घट्ट धरला. "मी असं म्हणालो? अगं, ते मी असंच आपलं काहीतरी बोललो असेन. मला विमानातलं काय कळतं?"

"ते मला तेव्हा माहीत नव्हतं, बाबा."

"मग तू बोलली का नाहीस? एक शब्द तरी बोलायचास. मी काय नाही म्हणालो असतो?"

"तुम्ही शिडीवर होतात," ती म्हणाली.

बाबांना खूप काही म्हणायचे होते. ओठ हलले, पण त्यांनी वर पाहिले. ती वरच्या पायरीवर, लाकडाच्या गाठीवर पाय ठेवून उभी होती, दोन्ही हात पंख्यात होते. आईचा नियम अजून मोडलेला नव्हता. त्यांनी खालच्या पायरीवरचा पाय आणखी रोवला. ती शेवटचा पेच पिळून हळूहळू उतरली आणि हात पुसू लागली. या वेळी बाबा कुठेही गेले नाहीत.

"आता बोल," ते म्हणाले. "सगळं बोल. मी खाली आहे."

"आता काय बोलू, बाबा," ती म्हणाली. तिने बटण दाबले, पंखा फिरला. तो अजिबात हलत नव्हता. बाबा पंख्याकडे बघत बसले आणि त्यावर त्यांनी काहीच मत दिले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी शिडी असेल तर तिला कोरड्या जागी ठेवा, दोरी कुजण्याआधी बदला. वर चढलेल्या माणसाला जरूर सांभाळा, त्याच्याशी हुज्जत घालू नका. पण तो उतरला की त्याला जाऊ देऊ नका. हात धुवायच्या आधी, दारातल्या हाकेच्या आधी त्याला थांबवा आणि पुन्हा विचारा. आणि चढणारे तुम्ही असाल तर उतरल्यावर एकदा मागे वळून बघा. शिडी धरून कुणी तरी अजून उभे असेल.