जावेच्या मांडीवरची आई

तुकुमेकची आई हिवाळ्याच्या तोंडावर गेली, तेव्हा तुकुमेक पोटुशी होती. आई आता आपल्याच पोटी येणार, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं. पण थोरली जाऊ अतिताक आधी बाळंत झाली. पोर रडायचं थांबेना, तेव्हा सुईणीने त्याच्या कानात तुकुमेकच्या गेलेल्या आईचं नाव घेतलं, इवालू, आणि ते गप्प झालं. झालं, नाव त्याचं झालं. नावाबरोबर माणूसही आलंच.

त्या दिवसापासून जावेच्या टकल्या, लाळ गाळणाऱ्या मुलाला तुकुमेक रीतीप्रमाणे आई म्हणत होती. आई, झोप झाली का? आई, दात येतायत का? तोंड हसायचं आणि आत काहीतरी करपायचं. पुढे तिला मुलगी झाली, ती मुठीएवढी. तिला कुणा दूरच्या मावशीचं नाव मिळालं.

वसंत उजाडला तरी सील मिळेना. सोर्काक, तिचा नवरा, बर्फातल्या भोकापाशी भाला घेऊन बसायचा आणि रिकाम्या हाताने परतायचा. जे थोडं मिळे ते दोन्ही घरांत सारखं वाटलं जायचं. तरी तुकुमेकचं दूध आटलं आणि अतिताकचं अंगरख्यातून पाझरत राहिलं. एकाच मांसाचं तिच्या अंगी दूध होतं, माझ्या का होत नाही? तुकुमेक लपूनछपून त्या मुलाच्या मांड्यांच्या वळ्या बघायची आणि घरी येऊन लेकीच्या मांडीवरून अंगठा फिरवायची. तिथे वळी नव्हतीच.

दूध पाजते म्हणून अतिताकने दोनदा निरोप धाडला. आमचं भागतंय, असं तुकुमेकने कळवलं.

बाहेर कुत्री व्यालेली होती. थोराड पिल्लं धाकट्याला ढकलून आचळाला लागत. तुकुमेक धाकट्याला उचलून आत घुसवायची, तर कुत्रीच त्याला नाकाने बाजूला सारायची. तिला वाटे, माझ्या आईनेही हेच केलं. धडधाकट अंग पाहिलं, भरलेला पान्हा पाहिला, आणि तिकडे गेली.

एक दिवस सोर्काक म्हणाला की आता इथे राहण्यात अर्थ नाही, उजाडताच आपण तिघांनी बर्फ फुटलेल्या उघड्या पाण्याकडे निघायचं. मग तो लेकीकडे बघत राहिला. प्रवास तिला झेपेल का, हे त्याने विचारलं नाही. कुत्र्यांच्या चाबकाची गाठ उगाचच सोडून पुन्हा मारली.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा धाकटं पिल्लू ताठ होऊन पडलं होतं. भावंडं त्याचा कान ओढत होती.

तुकुमेकने लेकीला अंगरख्याच्या पाठीवरच्या, पोर बसवायच्या टोपीत घातलं आणि ती तडक जावेच्या घरात शिरली.

"आलात? माझ्या दुधाला दात असतात असं वाटलं होतं का तुम्हाला?" अतिताक म्हणाली. इवालू तिच्या छातीला लागलेला होता.

"हिला पाजा, जाऊबाई."

"मला काय विचारता? ज्याच्या तोंडात आहे त्याला विचारा. आई तुमची."

ती टोमणा मारतेय की वाट करून देतेय, हे तुकुमेकला कळेना. ती खाली वाकली. पोराच्या गालापर्यंत गेलेला हात तिने मागे घेतला. अतिताकनेच हसून पोराला सोडवलं, तुकुमेकच्या ओटीत टाकलं आणि मुलीला छातीशी धरलं. मुलगी आधी नुसती चाटत राहिली. मग तिच्या गळ्याची हालचाल दिसू लागली. आपल्या लेकीचा चेहरा दुसरीच्या अंगावर असा खुलताना पाहून तुकुमेकला पुन्हा तीच जुनी आग लागली, आणि तरीही तिला वाटलं, पी गं, पी.

इवालूने मात्र टाहो फोडला. आपल्या जागी दुसरं कुणी बघून तो लालबुंद झाला, पाय झाडू लागला, तुकुमेकच्या हाताला हिरड्यांनी चावला. त्याच्या तोंडावर जे होतं, ते तिला चांगलंच ओळखीचं होतं.

तिने त्याला घट्ट धरलं.

"पोट भरलंय ना तुझं, आई? मग पिऊ दे तिला. नात आहे तुझी."

त्याने ऐकलं नाही. तो रडतच राहिला, आणि मुलगी पीत राहिली. बाहेर सोर्काक बर्फावरच्या गाडीला कुत्री जुंपत होता. तो आत डोकावला आणि मुलीकडे पाहून जुंपलेली कुत्री पुन्हा सोडायला गेला.