थोरल्या जावेची पकड

घरात दोन सुना होत्या. थोरली शहर बस चालवायची आणि धाकटी दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. दोघींचं एका गोष्टीत जमायचं, ती म्हणजे डिस्क गोल्फ. हा खेळ घरात आणला थोरलीने. डेपोतल्या कुणीतरी तिला एकदा तलावाकाठच्या मैदानावर नेलं होतं. तिथे ना चेंडू होता ना काठी. ताटाएवढी प्लॅस्टिकची चकती फेकायची आणि झाडांमधून वाट काढत, खांबावर साखळ्या लावून उभ्या केलेल्या टोपलीत कमीत कमी फेकींत पाडायची, एवढंच. पुढच्याच शनिवारी थोरली सगळ्या घराला तिथे घेऊन गेली. दोघा भावांना महिनाभरात कंटाळा आला. जावा मात्र जात राहिल्या.

थोरलीची फेक बॅकहँडची. हात छातीवरून आडवा मागे न्यायचा आणि दार उघडल्यासारखा झटक्यात पुढे सोडायचा. डिस्क झाडांच्या शेंड्यांवरून जायची. धाकटीला ते कधी जमलं नाही. ती फोरहँडने टाकायची, म्हणजे कोपर कमरेशी ठेवून, पाण्यावर चपटा दगड मारतात तसा मनगटाचा फटका देऊन. थोरली त्याला माश्या हाकलणं म्हणायची, तेही चारचौघांत. धाकटी हसून सोडून द्यायची. थोरलीचं बोलणं मनाला लावून घ्यायचं ठरवलं असतं, तर ती त्या घरात पहिल्याच वर्षी अंथरुणाला खिळली असती.

मग थोरलीचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही, पण सकाळी शर्टात हात घालताना तिच्या तोंडून आवाज निघायचा आणि भिंती काही फार जाड नव्हत्या. शेवटी नवऱ्याने तिला बळेबळे डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात इकडून तिकडे फिरवून पाहिला, छातीवरून आडवा न्यायला बंदी केली आणि काही आठवडे गाडीवरून उतरवलं.

घरात बसलेली थोरली म्हणजे साऱ्या घराच्या डोक्याला ताप. तिने स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी करून पुन्हा लावली, त्यामुळे कुणालाच काही सापडेना. दिराच्या बुटांच्या नाड्या बदलल्या. धाकटीच्या कुंड्यांना इतकं पाणी घातलं की दोन रोपं कुजली.  धाकटीने कुंड्या उचलून स्वतःच्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवल्या.

एका संध्याकाळी थोरली त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"तुझं ते फोरहँड," ती म्हणाली, "त्यात हात आडवा न्यावा लागत नाही ना?"

"नाही. कोपर जागेवरच असतं."

"मग मला जमेल."

ही विचारणा होती की घोषणा, ते धाकटीला कळलं नाही. ती म्हणाली, "शनिवारी बघू, ताई. पण डॉक्टरांना विचारा आधी."

"विचारलंय. बेतानं कर म्हणाले."

शनिवारी सकाळी मैदानावर दव होतं. धाकटीने आधी स्वतःची पकड दाखवली. तर्जनी आणि मधलं बोट जोडून डिस्कच्या खाली घालायची, मधल्या बोटाचं पेर आतल्या काठाला टेकवायचं, अंगठा वरून दाबायचा. फेकताना डिस्क त्या दोन बोटांवरून सुटते. थोरलीने पाहिलं, मान डोलावली आणि पहिली डिस्क टाकली. ती डगमगत गेली आणि जवळच्याच झुडपात शिरली.

"घट्ट धरली होती," थोरली म्हणाली.

"फार घट्ट. नखं पांढरी पडलीत तुमची. आवळून धरलं की मनगट अडतं."

दुसऱ्यांदा तिने सैल धरली, तर हात पुढे यायच्या आधीच डिस्क गळून पायाशी पडली. तिसऱ्यांदा तसंच. थोरलीने डिस्क उलटीसुलटी करून पाहिली. तिचं म्हणणं पडलं की काठ गुळगुळीत आहे. धाकटीने आपली डिस्क दिली. तीही गळली.

"मग दुसरी पकड बघू," धाकटी म्हणाली. "मधलं बोट काठालाच, पण तर्जनी बाजूला काढून डिस्कच्या मध्याकडे सरळ ठेवायची. तिने नुसता खालून टेकू द्यायचा."

थोरलीने बोटं तशी फाकवून डोळ्यांसमोर धरली. "हे असं? फोटोला उभी राहिल्यासारखी दिसतेय मी."

"सुरुवातीला सगळे असंच धरतात. डिस्क स्थिर राहते."

"आणि जाते कुठवर?"

"थोडी कमी जाते."

"मग नको. तुझी लांब जाते, मला तुझीच शिकव."

धाकटीने आणखी एक प्रकार काढून पाहिला, दोन्ही बोटं आत मुडपून धरायचा. त्यात थोरलीचं नख दुखावलं. मागून आलेला एक गट वाट पाहत उभा होता. त्यांनी 'सावकाश चालू द्या' म्हटलं, ते थोरलीला झोंबलं आणि ती तिथूनच परत फिरली.

असे तीन-चार शनिवार गेले. धाकटीला कोडं पडलं. थोरली एरवी कोणतंही काम एकदा पाहून उचलायची. शिवाय तक्रार खांद्याची होती. फेकल्यावर खांद्याबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती, आणि घोटाळा तर दर वेळी बोटांशीच होत होता.

धाकटीच्या कामात एक सोय होती. नवी कवळी हिरडीला कुठे टोचते ते माणसाला नीट सांगता येत नाही. इथे दुखतं म्हणतो आणि बोट भलतीकडेच ठेवतो. तेव्हा मऊ मेण लावून चावायला द्यायचं. दाब कुठे पडतो ते मेणावर उमटतं. तिला वाटलं, पकडीचंही तसंच करून पाहावं. तिने थोरलीला दवाखाना बंद व्हायच्या वेळेला बोलावलं.

खोली लहान होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात पाणी गरम करायचं भांडं. थोरली पहिल्यांदाच तिथे येत होती. तिने एक जबडा उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"दिवसभर यांच्याकडे बघतेस?"

"तेही माझ्याकडे बघतात."

थोरलीला हसू आलं. धाकटीने गुलाबी मेणाची पट्टी कोमट पाण्यात मऊ केली आणि डिस्कच्या खालच्या बाजूला, आतल्या काठाला दाबून बसवली. अंगठ्यासाठी वरही एक तुकडा लावला. "डोळे मिटा आणि फेकायच्या वेळी धरता तशी धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

थोरलीने धरली. धाकटी 'पुरे' म्हणाल्यावर सोडली. धाकटीने डिस्क दिव्याखाली नेली. मधल्या बोटाची खोल खाच होती, इतकी खोल की मेण पार दबलं होतं. तर्जनीच्या जागी मेण जवळजवळ तसंच होतं. अंगठ्याचा ठसाही पुसट.

"तर्जनी लावली नाहीत का?"

"लावली की."

"पुन्हा करू."

पुन्हा तेच झालं. थोरलीने डोळे मिटलेलेच ठेवले होते. धाकटीने टेबलावरची मेण कोरायची पात्याची सुरी उचलली, ती उलटी करून तिची बोथट मूठ थोरलीच्या तर्जनीच्या टोकावर टेकवली आणि जरा दाबली.

"झालं का?" थोरलीने विचारलं.

धाकटीने सुरी खाली ठेवली. "ताई, डोळे उघडा. या बोटाला काही कळत नाहीये तुम्हाला."

थोरलीने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. बाहेर दवाखान्याची सफाई करणारी बाई खुर्च्या सरकवत होती.

"मुंग्या येतात अधूनमधून," थोरली म्हणाली.

"कधीपासून?"

"खांदा दुखायला लागला त्याच्याही आधीपासून."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"खांदा दुखतो सांगितलं. दुखतोच ना."

"आणि बस?"

"स्टिअरिंग काय बोटांच्या टोकांनी धरतात होय?" थोरली म्हणाली. मग टेबलाकडे बघत, "एकदा गिअर बदलताना स्टिअरिंग सुटलं हातातून. उतारावर. कुणाला काही झालं नाही. आतल्यांना वाटलं खड्डा लागला."

धाकटीला भीती वाटली, पण ती उतारावरच्या बसची नव्हती. ती होती आता जे बोलायचं त्याची. त्या घरात थोरलीला कुणी 'असं करा' म्हणत नसे. "सोमवारी तुमची तपासणी आहे," ती म्हणाली. "मी येते सोबत. तुम्ही सांगा त्यांना सगळं."

"सांगितलं की गाडी गेली माझी."

"जाऊ दे."

"तुला बोलायला काय जातंय? कवळी चुकली तर नवी करतेस."

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट जरा बसलाच होता.

थोरली उठली आणि पिशवी घेऊन चालती झाली.

पुढचे दिवस घरातला कारभार नवऱ्यांमार्फत चालला. समोर धाकटी उभी असताना थोरली दिराला म्हणायची, "तिला म्हणावं, पाणी उकळतंय." धाकटा जाऊन बायकोला सांगायचा, पाणी उकळतंय. दोघा भावांनी काय झालं म्हणून विचारून पाहिलं. दोघींनीही दाद दिली नाही. निदान एवढ्यात तरी त्यांची एकी होती.

सोमवारी धाकटीने सुट्टी घेतली आणि न बोलता थोरलीच्या मागून निघाली. थोरलीने तिला परत पाठवलं नाही. डॉक्टरांच्या खोलीबाहेर मात्र म्हणाली, "तू इथेच बस."

धाकटी बाकावर बसली. आत बराच वेळ लागत होता. दार वाजवून आत जावं का, हा विचार तिने पुनःपुन्हा केला आणि पुनःपुन्हा टाळला. दार उघडलं तेव्हा थोरलीच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मानेचा फोटो काढायला सांगितलाय," ती म्हणाली. "दुखणं खांद्याचं नव्हेच म्हणतात. नस दबलीय मानेत. हे आधी का नाही बोललात म्हणून झापलं मला."

परतताना स्टॉपवर बस आली. ड्रायव्हरने थोरलीला ओळखून हात वर केला. तिनेही केला. एरवी ती पुढच्या सीटवर बसून त्याच्याशी गप्पा मारत यायची. त्या दिवशी मागे जाऊन खिडकीशी बसली, आणि धाकटीसाठी शेजारची जागा पिशवी ठेवून धरली.

उपचार लांबले. मानेला पट्टा आला, व्यायाम आले, ते करून घेणारी एक कडक बाई आली, जिच्यापुढे थोरलीचंही काही चालेना. दुखणं हळूहळू गेलं. अंगठा सुधारला. तर्जनी अर्धवट राहिली. गरम-थंड कळायचं, बारीक स्पर्श कळायचा नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे कदाचित एवढंच. डेपोने तिला प्रवाशांच्या गाडीवर परत घेतलं नाही. नव्या ड्रायव्हरांना शिकवायला शेजारच्या सीटवर बसवलं. ते कळलं त्या दिवशी ती अंगणात बसून राहिली आणि जेवायला उशिरा आली.  पुढे काही आठवड्यांनी ती जेवताना म्हणाली, "दिवसभर नसलेला ब्रेक दाबते मी. पोटऱ्या भरून येतात." त्यावर सगळ्यात आधी तीच हसली.

डॉक्टरांनी हलकं खेळायला परवानगी दिली तेव्हा तिने धाकटीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "उद्या ती फाकवलेली पकड दाखव."

मैदानावर धाकटीने तिच्या हातात डिस्क दिली. मधलं बोट काठाशी. डिस्क धरायचं आणि सोडायचं काम त्याचंच. तर्जनीने नुसतं खाली पडून राहायचं, तिला काही कळायची गरज नव्हती. पण ती मध्यापर्यंत पोचेना, ताठ व्हायची. धाकटीने ती थोडी अलीकडे आणली, मधल्या बोटापासून जेमतेम सुटेल इतकी. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळवून डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावलं. अंगठा टोकावर उभा होता, तो आडवा केला.

"आता?"

थोरलीने मनगट दोन-तीनदा मागेपुढे केलं. "कुठे अडत नाहीये."

"आवळू नका."

"आवळलेली नाही."

तिने फेकली. डिस्क फार उंच गेली नाही. जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून, न डगमगता, दोन झाडांच्या मधून सरळ गेली आणि गवतात घसरत थांबली. टोपली अजून बरीच पुढे होती.

"जवळच पडली," थोरली म्हणाली.

"सरळ पडली."

"हं." तिने पिशवीतून दुसरी काढली, बोटं एकेक करून लावली, शेवटचं बोट लावताना खाली बघून खात्री केली आणि टाकली. तीही पहिलीच्या आसपास गेली. तिसरी एका खोडाला लागली. त्याबद्दल तिने खोडाला दोष दिला.

मग धाकटीने आपली टाकली. ती पुष्कळ पुढे गेली. दोघी चालत निघाल्या. सकाळचं दव अजून सुकलं नव्हतं, चपला ओल्या झाल्या होत्या. थोरली चालता चालता नव्या ड्रायव्हरांमधल्या एकाबद्दल सांगत होती, जो वळताना डोळे मिटतो. धाकटी ऐकत होती. थोरलीची डिस्क आधी आली, म्हणून दोघी तिथे थांबल्या.

टोपलीपासून ज्याची डिस्क लांब, त्याने आधी टाकायची, असा खेळाचा नियम आहे. इतकी वर्षं आधी टाकून बाजूला व्हायचं काम धाकटीचं होतं. ती सवयीने पुढे झाली, मग थांबली आणि दोन पावलं मागे सरली.

"आधी तुमची, ताई."

"माहितेय मला," थोरली म्हणाली आणि वाकून गवतातली डिस्क उचलली.