लिनमावशींचं ‘मस्ट’

लिनमावशी इंग्रजीत कुणाला विनंती करायच्याच नाहीत, थेट हुकूम सोडायच्या. अमेरिकेत रेडमंडच्या एका लायब्ररीत मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घ्यायचे. फुकट बरं का! डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. वर्गात बहुतेक चिनी आजी-आजोबा, मुलांकडे नातवंडं सांभाळायला आलेले. त्यातल्याच या लिन शुफेन. मी आपलं मनातल्या मनात त्यांना मावशी करून टाकलं होतं.

"टीचर, यू मस्ट सिट." "टीचर, यू मस्ट ईट." काउंटरवरच्या बाईला तर एकदा, "यू मस्ट गिव्ह मी धिस बुक!" ती बिचारी हबकलीच.

मी नागपूरची. मराठीत माझं तोंड काही कमी तिखट नाही, पण इंग्रजीत मी नुसती साखर. कुड यू प्लीज, वुड यू माइंड, सगळं वर्गाकडून घोकून घेतलं. बाकीचे शिकले. लिनमावशी ढिम्म! कळत नव्हतं अशातला भाग नाही. लिहायला दिलं की सगळं बरोबर. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती. पण तोंड उघडलं की मस्ट. माझी चिडचिड व्हायची. "ह्यांची भाषाच मुळात अशी दगडासारखी असणार," असं मी माझ्या नवऱ्याला, केदारला, म्हणायचे.

मग दोन हजार चारच्या ऑक्टोबरात आम्हाला मुलगी झाली. आईचा व्हिसा नाकारला गेला होता, त्यामुळे हॉस्पिटलात जवळचं बाईमाणूस कुणी नाही. दुपारी केदार कार-सीट आणायला गेला, कारण सीट बसवल्याशिवाय बाळाला घरी नेऊ देत नाहीत. तेवढ्यात लिनमावशी थर्मास घेऊन हजर! माझ्या उशाशी बर्फाचं पाणी ठेवलेलं बघून त्यांनी डोळेच मोठे केले. "नो! मस्ट हॉट!" आता बाळंतिणीला बर्फ आपल्याकडे तरी कोण देतं? मी मुकाट्यानं त्यांचं आल्याचं गरम सूप प्यायले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला आईची आठवण येऊन रडू फुटलं.

थोड्या वेळानं मला कसंतरीच व्हायला लागलं. हातपाय गार, कानात घूं घूं. मी बेल दाबली. स्पीकरवर नर्सनं विचारलं, काय हवंय? आणि मी काय म्हणाले असेन? "सॉरी टु बॉदर यू. आय माइट बी अ लिटल डिझी. व्हेनेव्हर यू आर फ्री." अगं बाई, जीव चाललाय तुझा आणि शिष्टाचार कसले पाळतेस! पण नाही. ती "येते" म्हणाली, आली नाही, आणि मला पुन्हा बेल दाबायचा संकोच वाटला.

लिनमावशींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पांघरूण उचललं. चादर रक्तानं भिजली होती. त्यांनी बाळाला पाळण्यात ठेवलं आणि त्या खोलीबाहेर गेल्या. नर्सचं काउंटर दारासमोरच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"यू मस्ट कम."

"मॅम, कुड यू प्लीज वेट इन द रूम?"

"नो. नाऊ. यू मस्ट."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. फळ्यावर उत्तर लिहावं तसं त्या बोलत होत्या. पुढच्या क्षणी त्या नर्सचं मनगट धरून आत आल्या. नर्सनं चादर पाहिली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. खोली माणसांनी भरली. कुणी माझं पोट दाबत होतं, कुणी सुई टोचत होतं, रक्ताची पिशवी आली. माझं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथे ती एवढीशी बाई माझ्या पोरीला छातीशी धरून उभी होती. कुणी बाहेर जा म्हणालं तरी हलली नाही.

"आणखी थोडा उशीर झाला असता तर..." केदार परत आल्यावर डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. केदार भिंतीला टेकून ढसाढसा रडला. मी लिनमावशींकडे नुसती बघत राहिले. साक्षात यमाला दारातून परत पाठवणारी बाई, आणि बसून थर्मासचं झाकण पुसतेय! धन्य गं माऊली!

"तुम्हाला भीती नाही वाटली? त्या नर्सला राग आला असता तर?" मी विचारलं.

त्यांनी झाकण थर्मासला घट्ट लावलं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागल्या. इथल्या मुलाच्या आधी त्यांना एक मुलगी होती. तापानं फणफणलेली पोर घेऊन त्या गावच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर जेवत होते. लिनमावशी दाराशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणत राहिल्या, कृपा करून, सवड झाली की, त्रास देते हं. डॉक्टरांचं जेवण होईपर्यंत पोर हातातच गार झाली.

"इन चायनीज, टीचर," त्या म्हणाल्या, "आय ॲम व्हेरी पोलाइट."

मी त्यांचे दोन्ही हात ओढून घेतले आणि कपाळाला लावले.