डिअर कॅन्डिडेट

किमयाच्या घराण्यात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईबाप पेणजवळच्या मिठागरात उन्हातान्हात राबणारे, आणि ही पोरगी बी.एस्सी., तीही केमिस्ट्रीत! पदवीचा कागद आई चंद्रावतीने ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपला होता. पाहुणे आले की हात धुऊन, पदराला पुसून तो बाहेर काढायची. एकोणीसशे नव्याण्णव साली हाच कागद किमया पोस्टात टाकायला निघाली. आईला म्हणाली, झेरॉक्स काढून आणते.

झालं असं, की पेणच्या एस.टी. स्टँडासमोर धनेशने कॉम्प्युटर मांडला होता. ई-मेलचा पत्ता एकच, धनेशचा. नोकरी शोधणारी मंडळी त्यावरूनच अर्ज धाडायची आणि उत्तर आलं की तो छापून हातात द्यायचा. किमयालाही असाच कागद मिळाला. 'डिअर कॅन्डिडेट, हजारोंतून फक्त तुमची मस्कतच्या कंपनीसाठी निवड झाली आहे. मूळ प्रमाणपत्रं आठ दिवसांत दिल्लीच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा. कुणाला सांगू नका.'

ना मुलाखत, ना कामाचं नाव. पण कॉम्प्युटरवरून आलेलं खोटं कसं असेल? हसू नका, तेव्हा सगळ्यांना असंच वाटायचं. त्यात 'फक्त तुमची' वाचून पोरगी हरभऱ्याच्या झाडावर चढली. पेणच्या पोस्टात ओळखीचे भेटतील, चौकशा करतील, म्हणून बाईसाहेब एस.टी. धरून थेट रोह्याला गेल्या!

रोह्याच्या पोस्टात रांग होती. पुढे पन्नाशीचा एक माणूस कोरं पाकीट घेऊन उभा होता. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, मग तिने छातीशी धरलेल्या पाकिटाकडे.

"पोरी, जरा पत्ता लिवून देतेस? चष्मा घरी रायला गो माझा."

"द्या ना काका."

त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. किमयाने उघडला. 'डिअर कॅन्डिडेट, हजारोंतून फक्त तुमची...' खरं सांगायचं तर आधी तिला हेवाच वाटला. ह्यांची पण निवड? मग फक्त माझी कशी?

"काका, तुम्ही काय काम करता?"

"धाटावच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. कंपनी बंद पडली. मी पोपट, हितं जवळच अष्टमी गावात रातो. पेणला बहिणीकडं गेलो तवा धनेशकडनं अर्ज धाडला."

बॉयलरवाला आणि केमिस्ट, दोघांना एकच कागद, आणि नाव कुणाचंच नाही. मग हा डिअर कॅन्डिडेट म्हणजे कोण, अख्खं पेण?

"काका, हे पाठवू नका," ती म्हणाली आणि आपला कागद त्यांच्यापुढे धरला.

"आनी तुझं?"

तिने पाकीट पिशवीत कोंबलं. "माझंही नाही पाठवत."

दोघं मिळून पेणची गाडी धरून निघाले. गाडी वडखळला अडकली, तरी किमया खुशीत होती. एका भल्या माणसाला आपण वाचवलं, हे तिच्या मनातून जाईना.

धनेशने सगळं ऐकलं आणि डोकं खाजवलं. "मेलवर नाव नव्हतं ना. मग अर्ज केलेल्या अकरा जणांना एकेक प्रत दिली."

"धन्य आहेस बाबा!" किमया म्हणाली. "आता त्या कंपनीला लिही, उमेदवाराचं पूर्ण नाव आणि काम कळवा, मगच कागद पाठवतो."

एक चहा झाला, दुसरा झाला, तेव्हा कुठे उत्तर आलं. पोपटकाकांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि पडद्यावरचं एकेक अक्षर लावून वाचलं, "डिअर... कॅन्डिडेट. अर्जंट पाठवा."

धनेश सायकल काढून बाकीच्या नऊ जणांना गाठायला पळाला. किमया मात्र त्या चष्म्याकडेच बघत राहिली.

"काका, चष्मा घरी राहिला होता ना?"

पोपटकाका ओशाळले. "तुझ्या पाकिटावर तोच पत्ता दिसला नि माजे डोळे उघडले. पन परक्या मानसानं भर रांगेत 'पोरी, फसतेस' म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?"

"नाय," किमया खरं ते बोलली.

"म्हनून म्हटलं, तुझं तूच वाच."

किमयाचे डोळे भरून आले. वाटभर आपण ह्यांना वाचवलं म्हणून मिरवत होतो, आणि ह्या माणसाने आपली लाज राखून आपल्याला सोडवलं होतं! ती तिथेच पाया पडली. काका "अगो, अगो" करत मागे सरकले.

"काका, घरी चला. आई माझा पदवीचा कागद पाहुण्यांनाच दाखवते."

घरी सगळी हकिगत ऐकून चंद्रावतीने कपाळावर हात मारला, लेकीला दोन शब्द सुनावले आणि मग पोपटकाकांना हात जोडले. "भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू वो?" तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पाकिटातून कागद काढला. काकांनीही मोरीवर जाऊन हात धुतले. चष्मा लावून त्यांनी कागद दोन्ही हातांत घेतला, आणि त्यावरचं नाव शेजारच्या घरातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.

"किमया जगन घरत."