कासरा भिमाबाईच्या हाती

मी एक जुनी तिफण आहे. सोनारीच्या एका सुतारानं मला बाभळीतून घडवलं. मला मातीत तासं, म्हणजे ओळी, पाडायला तीन फण, बी खाली उतरायला तीन नळ्या आणि वर बी सोडायला वाटीसारखं चाडं आहे. पेरताना बाप्या कासरा धरून बैल हाकायचा आणि बाई मागून चालत चाड्यात मूठ सोडायची. मित्रांनो, पीक दाट आलं की शाबासकी कासऱ्याला, विरळ आलं की बोल मुठीला, अशी रीत होती.

पुढं ट्रॅक्टर आले. मी गोठ्यात आडवी झाले आणि कोंबड्यांनी माझ्यावर संसार थाटला.

मग भिमाबाई, महेश्वरी आणि पुण्याची कंपनी सोडून आलेला नागसेन, अशा तीन घरांनी मिळून पडीक रान करायला घेतलं. रानाच्या मालकानं बजावलं होतं, "यंदा रब्बी पेरली न्हाय, तर रान परत." पाऊस उघडला, वापसा आला, माती पेरणीजोगी झाली. पण ट्रॅक्टरमागं सगळ्या गावाची रांग, आणि ओल उडत चाललेली. म्हणून मला बाहेर काढून तेल पाजलं. कासरा धरायला सांगितलेला गावातला महांतप्पा मात्र आलाच नाही. बायकांच्या औतावर लोक हसतील म्हणे.

नागसेननं कासरा घेतला. बैल थेट बांधावरच्या गवतात.

"आण इकडं," भिमाबाई म्हणाली आणि तिनं कासरा घेतला. बैल तिच्याच हातची वैरण खाणारे.

बांधावरून शेजारचे अण्णाराव बोललेच, "वैनी, बैलांनी बाईचं ऐकलंय का कधी?"

"बैलं ऐकत्यात भावजी. तुमचंच अवघड हाय."

महेश्वरी मुठीला सरसावली, तर भिमाबाईनं तिला थांबवलं. "आज नागसेन. आपुन कासरा शिकू, त्यो मूठ शिकंल."

त्यानं मूठभर ज्वारी एकदमच सोडली. माझ्या नळ्यांना ठसका लागला.

"लग्नातली फुलं न्हाईत ती. मूठ आवळ, दाणा दाणा सोड."

दिवस कलायच्या आत रान पेरून झालं. ज्वारी उगवल्यावर मालक बघायला आला. पहिली तासं केसांसारखी दाट, थोडी वाकडीही. पुढची मात्र सरळ.

"दाट रोपं उपटून विरळणी करून घ्या," मालक एवढंच म्हणाला आणि गेला. रान राहिलं.

मित्रांनो, तुमच्या गोठ्यात माझी एखादी बहीण असेल, तर तिला भिजू देऊ नका, फणांना तेल लावा. आणि पेरणीला न्याल तेव्हा कासरा लेकीच्या हाती द्या, मूठ लेकाच्या. पहिली तासं वाकडी येतील. येऊ द्या.