आधी तू खा

जनकाबाईनं कळमनुरीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात फडक्याची गाठ सोडली आणि फुटाणे हवालदारापुढं धरले.

"लेकराला देऊ का, साहेब?"

हवालदारानं फुटाण्यांतून बोट फिरवलं आणि मान डोलावली. त्यानं दंड धरून आणलेल्या भागवतनं मूठ भरली आणि सरळ तोंडात टाकली. जनकाबाई बघतच राहिली. घरी असताना हाच पोरगा तिच्या हातचं पाणीसुद्धा आधी तिला प्यायला लावायचा. "आधी तू खा," म्हणायचा आणि तिनं घास गिळेपर्यंत तिच्या गळ्यावरची नजर काढायचा नाही. माय पोलिसांना मिळालेली आहे, जेवणातून गुंगीचं औषध घालून आपल्याला त्यांच्या हवाली करणार आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आखाडा बाळापूरच्या बाजारात जनकाबाईची फुटाण्यांची भट्टी. भागवतचं डोकं बिनसलं तसं तो भट्टीकडं फिरकेनासा झाला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, पण मायच्या हातची गोळी तो घेणार कशाला? शेवटी आतून कडी लावून बसला आणि जेवण सुटलं. तेव्हा तिचा चुलत दीर सोनाजी अक्कल शिकवायला आला.

"वैनी, असा त्यो दवाखान्यात येत नसतोय. केस करा. केस झाली की कोर्टच मोठ्या दवाखान्यात घालतंय. बराबर सांगून राहिलो."

सोनाजीची तालुक्याला रोज ये-जा. साहेबलोक त्याला नावानं हाक मारत. त्याचा शब्द खोटा कसा मानायचा? जनकाबाईच्या मनगटावर भट्टीच्या वाळूनं पोळल्याचा ताजा डाग होता. ठाण्यात तिनं तोच पुढं केला. पोरानं तापलेला झारा टेकवला, म्हणाली. जामिनाचं विचारलं तर नको म्हणाली, कारण जामीन झाला तर दवाखाना हुकेल.

दवाखाना राहिला बाजूला, पोरगं तुरुंगात गेलं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की तिथल्या डॉक्टरला त्याचा आजार कळला. गोळी मायच्या हातची नव्हती, म्हणून भागवतनं ती गिळलीही.

आज तिची साक्ष होती. सरकारनं भागवतला दिलेल्या वकीलबाई, अपर्णाताई, सकाळीच सांगून गेल्या होत्या, "मावशी, जे खरं आहे तेच सांगा. तुमच्या शब्दावर सुटेल तो." जनकाबाई त्याच आनंदात फुटाणे घेऊन आली होती.

भागवतनं खाता खाता तिचं मनगट हातात घेतलं. डाग आता काळा पडला होता.

"माय, लई पोळलं का गं?"

"न्हाई रे. तू कायी केलं न्हाईस. वाळू उडली व्हती."

तो हसला. कितीतरी दिवसांनी तिनं ते हसू पाहिलं.

"मला वाचवाया खोटं बोलून राहिली व्हय? मला आठवत न्हाई, पर डाक्टर म्हणले, बिमारीत माणूस इसरतो. मला तर वाटायचं, तूच मला पोलिसात देणार. सांग, कुणाची माय असं करती का? तसं वाटणं हीच माझी बिमारी. आता मला समदं कळतंय."

पोरगं ज्या एका गोष्टीला धरून माणसांत परत आलं होतं, तीच खोटी होती. जनकाबाईला ओरडून रडावंसं वाटलं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि उरलेले फुटाणे त्याच्या खिशात भरले.

तेवढ्यात पुकारा झाला.

आत जजसाहेबांनी तिला सावकाश विचारलं, "बाई, हात कशानं भाजला?"

भागवत पलीकडं उभा होता. बोल, घाबरू नको, अशी त्यानं तिला मान हलवून खूण केली. झाऱ्याचं नाव घेतलं असतं तर पोरगं तिचं राहिलं असतं, पण तुरुंगात. तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"भट्टीच्या वाळूनं, साहेब. पोरानं हात लावला न्हाई मला. दवाखान्यात घालतील म्हणून मीच ठाण्यात जाऊन खोटं सांगितलं. मीच दिलं त्याला पोलिसात."

साहेबांनी ते पुन्हा विचारलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. खोट्या फिर्यादीबद्दल तिला दोन कडक शब्द सुनावले. तिला त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

बाहेर आल्यावर अपर्णाताईंनी तिचा हात दाबला.

"सुटला म्हणून समजा, मावशी. आता घरीच न्या त्याला."

भागवत हवालदाराशेजारी बाकावर बसला होता. जनकाबाई जवळ गेली तसा तो सरकून हवालदाराला खेटला. मग त्यानं खिशात हात घातला, मूठभर फुटाणे काढले आणि ते हवालदारापुढं धरले. नजर मात्र तिच्यावर होती.

"साहेब," तो म्हणाला, "आधी तुमी खा."